अभ्यास झाला, अहवाल गेला, पुढे काय?

विकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकांकडून या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. हाताशी चांगला अभ्यास असतो, पण तो धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी निर्णयावर त्याची छाप पडत नाही. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. संस्थांची नावे व ठिकाणे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेने शाळा सोडलेल्या मुलींविषयी दोन वर्षे अभ्यास केला आणि 180 पानांचा अहवाल सर्व संबंधितांना पाठवला. आठ महिने झाले. पोच सोडून काहीही आलेले नाही. निष्कर्ष भक्कम असूनही कोणी दखल घेत नसेल, तर संशोधनावर इतका वेळ आणि पैसा घालावा का, असा प्रश्न आता कार्यकर्तेच विचारू लागले आहेत.

उत्तर : तुमचा अहवाल ‘सर्व संबंधितांना’ गेला, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सर्वांना पाठवलेला कागद बहुधा कोणाच्याच टेबलावरचे काम होत नाही, कारण तो हाती आलेल्या प्रत्येकाला वाटते की निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी अधिकारात आहे. संशोधन व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढण्याआधी एक जुनी हकीकत पाहावी.

1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे काही दिवसांतच सुधारले. हा प्रयोग 1753 मध्ये छापून प्रसिद्ध झाला, परंतु नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमित देण्याचा निर्णय घेतला तो 1795 मध्ये. पुरावा छापल्यापासून आदेश निघेपर्यंत 42 वर्षे गेली आणि त्या काळात खलाशी मरत राहिले.

या विलंबाची कारणे तुमच्या उपयोगाची आहेत. लिंडचा प्रयोग चारशेहून अधिक पानांच्या ग्रंथात काही परिच्छेदांत दडलेला होता, आणि त्या पानांवर इतर अनेक मतांचीही दाटी होती. त्याची व्यावहारिक शिफारसही चुकली. रस जहाजावर टिकावा म्हणून तो आटवून घट्ट करावा असे त्याने सुचवले, आणि उष्णतेने रसातला गुणकारी घटकच नष्ट होत होता. त्यामुळे ज्यांनी शिफारस पाळली त्यांना गुण आला नाही. शेवटी निर्णय घडवून आणण्यात मोठा वाटा उचलला तो गिल्बर्ट ब्लेन या वैद्याने. ब्लेन नौदलाच्या वरिष्ठांच्या विश्वासातला होता आणि पुढे आजारी व जखमी खलाशांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर तो स्वतःच बसला. शत्रूच्या तोफांपेक्षा रोगाने कितीतरी अधिक माणसे जातात, हे त्याने आकड्यांनी मांडले, म्हणजे ज्यांना युद्ध जिंकायचे होते त्यांच्यासमोर युद्धाच्या भाषेत बोलला. त्याच सुमारास एका लांबच्या सफरीवर लिंबाचा रस देऊन पाहण्यात आला आणि त्या जहाजावर स्कर्व्हीची साथ पसरली नाही. मूळ निष्कर्ष तोच होता. बदलले ते तो मांडणाऱ्याचे स्थान, मांडणीची भाषा आणि ऐकणाऱ्याची निकड.

1960 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने अनेक देशांतील धोरणबदलांचा अभ्यास करून जी चौकट मांडली, तिचाही गाभा हाच आहे: राजकीय व प्रशासकीय परिस्थिती, पुराव्याची प्रत, आणि संशोधक व निर्णयकर्ते यांच्यातील दुवे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच संशोधनाचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. आपल्यापैकी बहुतेक संस्था सारी शक्ती मधल्या गोष्टीवर घालवतात आणि उरलेल्या दोन नशिबावर सोडतात.

म्हणून अहवाल बाजूला ठेवून आधी शोधून काढा की तुम्हाला हवा असलेला बदल नेमक्या कोणत्या कागदात व्हायला हवा. तो कायद्यातला बदल आहे, नियमातला, योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतला, की अर्थसंकल्पाच्या एका शीर्षाखालचा? त्या कागदाचा मसुदा कोण लिहितो, त्यावर कोणाचा अभिप्राय मागवला जातो आणि तो कोणत्या महिन्यात पुढे सरकतो? अर्थसंकल्प मांडला जातो त्याच्या कित्येक महिने आधी खात्यांचे अंदाज तयार झालेले असतात. सादरीकरणाच्या आठवड्यात पोहोचलेले निवेदन कितीही अचूक असले तरी त्या वर्षापुरते निरुपयोगी ठरते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी 1984 मध्ये मांडलेली कल्पना येथे मदतीला येते. समस्या, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह आपापल्या गतीने वाहत असतात, आणि ते एकत्र येतात तेव्हा थोड्या काळासाठी निर्णयाची खिडकी उघडते. खिडकी उघडल्यावर अभ्यास सुरू करणाऱ्याला उशीर झालेला असतो. तुमचा अभ्यास तयार आहे, ही तुमची खरी जमेची बाजू आहे.

आता त्या 180 पानांतून दोन पानांचे टिपण काढा. पहिल्या वाक्यात कोणता निर्णय अपेक्षित आहे ते लिहा. त्यानंतर तो का आवश्यक आहे हे सांगणारे दोन किंवा तीनच निष्कर्ष, मग खर्च किती येईल आणि अंमलबजावणी कोण करील, आणि शेवटी तुम्हाला ज्याची खात्री नाही ते. खर्चाचा परिच्छेद गाळू नका. बहुतेक निवेदने तिथेच अडतात, कारण वित्त खात्याचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचे उत्तर तुम्ही दिले नाही तर ते दुसरा कोणीतरी स्वतःच्या सोयीने देतो. हे टिपण मंत्र्यांइतकेच त्या कनिष्ठ अधिकाऱ्याला समजावून सांगा ज्याच्या हातून प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिला जातो. माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रभावी वाचक तोच असतो. मोठा अहवाल मात्र जपून ठेवा. टिपणातल्या प्रत्येक आकड्याचा आधार कोणी विचारला, तर तो त्यातूनच दाखवावा लागेल.

प्रश्न : आम्ही वस्तीतल्या रहिवाशांकडूनच घरोघरची पाहणी करून घेतली. बैठकीत अधिकाऱ्यांनी ती ‘हितसंबंधी लोकांनी गोळा केलेली माहिती’ म्हणून बाजूला सारली. विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माहितीला काहीच किंमत नसते का?

उत्तर : किंमत असते, आणि काही वेळा ती विद्यापीठाच्या अभ्यासापेक्षा अधिक ठरते. कराचीतील ओरंगी या अनौपचारिक वस्तीत 1980 साली डॉ. अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेला प्रकल्प याचे ठळक उदाहरण आहे. तेथे गल्लीगल्लीतील रहिवाशांनी एकत्र येऊन स्वतःच्या खर्चाने शौचालये आणि गल्लीतील गटारे बांधली. मुख्य वाहिन्या आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया ही मात्र सरकारची जबाबदारी मानली. पुढे प्रकल्पाने वस्त्यांतील तरुणांना मोजणीचे प्रशिक्षण दिले आणि शहरातील गटारे व नैसर्गिक नाले यांचे नकाशे तयार करून घेतले. लोकांनी किती बांधले आहे आणि सांडपाणी प्रत्यक्षात कोठून वाहते, हे त्या नकाशांवर स्पष्ट दिसत होते. ज्या व्यवस्थेला वस्त्यांत काहीच नाही असे गृहीत धरून नव्या वाहिन्या आखायच्या होत्या, तिला हे नकाशे नाकारणे कठीण गेले. 2006 च्या पाकिस्तानच्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणात घराजवळचे काम लोकांनी आणि बाहेरचे काम शासनाने करावे, ही विभागणी स्वीकारली गेली. या सगळ्याला 26 वर्षे लागली, हेही विसरू नये.

त्या नकाशांना वजन आले, कारण कोणालाही जागेवर जाऊन ते पडताळता येत होते. तुमच्या पाहणीलाही हाच गुण द्यावा लागेल. ‘कुटुंब’, ‘कच्चे घर’, ‘पाण्याची सोय’ अशा शब्दांच्या व्याख्या शासकीय सर्वेक्षणात असतात त्याच वापरा, नाहीतर तुमचे आकडे शासनाच्या आकड्यांशेजारी ठेवताच येणार नाहीत आणि चर्चा व्याख्येतच अडकेल. प्रत्येक दहा घरांपैकी एका घराची पाहणी दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा करून घ्या आणि दोन्ही उत्तरांत किती तफावत आली ते अहवालात प्रामाणिकपणे नोंदवा. किती घरे बंद होती, कितींनी उत्तर नाकारले, प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना समजला नाही, हेही लिहा. अशा नोंदी कमीपणाच्या आहेत असे कार्यकर्त्यांना वाटते; जाणकार वाचकाचा विश्वास मात्र त्यांनीच बसतो.

सर्वांत उपयोगी पायरी पाहणीच्या आधीची आहे. प्रश्नावली तयार होताच संबंधित खात्याच्या सांख्यिकी शाखेला दाखवा आणि लेखी सूचना मागवा. सूचना आल्या तर त्या अमलात आणा. आल्या नाहीत तर विचारल्याची नोंद राहील. निष्कर्ष हाती आल्यावर पद्धतीविषयी शंका काढणे सोपे असते, पण ज्याच्याकडे ती पद्धत आधीच पाहायला दिली होती त्याला ते अवघड जाते.

शक्य असेल तर एखाद्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडून नमुना तपासून घ्या. त्यासाठी संपूर्ण संशोधन संस्थेशी करार करण्याची गरज नाही. आणि माहिती ज्यांची आहे त्या रहिवाशांना निष्कर्ष सर्वांत आधी सांगा. त्यांना मान्य नसलेला आकडा घेऊन बैठकीत बसू नका. जमिनीचे, पाण्याचे किंवा अतिक्रमणाचे नकाशे काहींच्या आर्थिक हिताला थेट धक्का देतात, म्हणून माहिती गोळा करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचारही आधी करावा लागतो. ओरंगीतील नकाशांच्या कामाचे दीर्घकाळ नेतृत्व करणाऱ्या परवीन रेहमान यांची 2013 मध्ये हत्या झाली. लोकांनी काढलेला नकाशा किती गंभीर वस्तू असू शकते, हे त्यावरून कळते.

प्रश्न : आमच्या मागणीला पाठिंबा देणारा एक नामांकित अभ्यास आम्ही नेहमी उद्धृत करतो. आता त्याच्या विरुद्ध जाणारा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. सहकाऱ्यांचे मत आहे की आपण त्याचा उल्लेख करू नये, विरोधक करतीलच. तुमचा सल्ला काय?

उत्तर : उल्लेख करा, आणि तो आधी तुम्हीच करा.

एकाच अभ्यासावर मोहीम उभी करण्यातला धोका केनियातील जंतनाशक गोळ्यांच्या उदाहरणातून दिसतो. बुसिया भागातील 75 शाळांवर आधारलेल्या अभ्यासात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी 2004 मध्ये दाखवले की शाळांत जंतनाशके दिल्याने मुलांची गैरहजेरी लक्षणीय घटली, आणि गोळ्या न मिळालेल्या आसपासच्या मुलांनाही लाभ झाला. अनेक देशांतील कार्यक्रमांना त्यातून बळ मिळाले. 2015 मध्ये लंडनमधील आरोग्य-संशोधकांनी मूळ माहितीचे पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा गणनेतील काही चुका पुढे आल्या आणि दूरच्या शाळांतील मुलांनाही लाभ होतो याविषयीचे दावे कमकुवत ठरले. मूळ लेखकांनी त्रुटी मान्य करूनही मुख्य निष्कर्ष टिकतो असे उत्तर दिले, आणि तज्ज्ञांमधला वाद बराच काळ चालला. या काळात ज्या संस्थांनी ‘हे निर्विवाद सिद्ध झाले आहे’ असे म्हटले होते त्यांना बचाव करावा लागला. ज्यांनी ‘संसर्ग झालेल्या मुलाला उपचार मिळणे हे मुळातच योग्य आहे, शिवाय शिक्षणावरही परिणाम होतो असे काही पुरावे सांगतात’ अशी मांडणी केली होती, त्यांना एक शब्दही मागे घ्यावा लागला नाही.

म्हणून नामांकित एकट्या अभ्यासापेक्षा त्या विषयावरील सर्व अभ्यास ठरलेल्या पद्धतीने एकत्र तपासणारे आढावे शोधा. आरोग्यासाठी 1993 पासून कोक्रेन आणि सामाजिक धोरणांसाठी 2000 पासून कॅम्पबेल या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यांतून असे आढावे तयार होतात. ते वाचताना ‘उपाय चालतो का’ एवढेच पाहू नका. तो कोणत्या परिस्थितीत चालला आणि ती परिस्थिती तुमच्याकडे आहे का, हे अधिक महत्त्वाचे असते. आणि विरुद्ध पुराव्यामुळे तुमची मागणीच चुकीची ठरत असेल, तर मागणी बदलावी लागेल. हे मी सहज लिहीत नाही. ज्या मागणीसाठी माणसांनी वर्षे घातली ती सोडताना किती यातना होतात, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु चुकीची योजना राबवली गेली तर तिची किंमत ज्यांच्यासाठी आपण बोलतो तेच लोक मोजतात.

प्रश्न : संशोधनाच्या आधारे शासनाशी संवाद ठेवावा की न्यायालयात जावे आणि रस्त्यावर उतरावे? आमच्यात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : दक्षिण आफ्रिकेतील ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेनने हे दोन्ही मार्ग एकाच पुराव्याच्या आधारे चालवले. डिसेंबर 1998 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेसमोर प्रश्न होता तो एचआयव्हीबाधित गर्भवतींकडून बाळांना होणारा संसर्ग रोखण्याचा. नेव्हिरपीन या औषधाच्या अल्प मात्रेने तो जवळजवळ निम्म्याने घटतो, असे युगांडातील चाचणीत 1999 मध्ये आढळले होते आणि उत्पादक कंपनीने ते पाच वर्षे विनामूल्य देऊ केले होते. तरीही सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील वापर प्रत्येक प्रांतातील दोन निवडक केंद्रांपुरता ठेवला. संघटनेने पत्रव्यवहार केला, चर्चा केली, मोर्चे काढले, आणि त्यानंतर न्यायालयात धाव घेतली. 5 जुलै 2002 रोजी संविधानिक न्यायालयाने हे निर्बंध हटवण्याचा आदेश दिला.

त्या लढ्यातील दोन गोष्टी तुमच्या वादात उपयोगी पडतील. पहिली ही की संघटनेने विज्ञान तज्ज्ञांपुरते ठेवले नाही. औषध कसे काम करते, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे तिने सामान्य कार्यकर्त्यांना शिकवले, त्यामुळे मोर्चातली बाईही डॉक्टरांशी पुराव्यावर बोलू शकत होती. दुसरी ही की ‘यंत्रणेची क्षमता नाही’ या सरकारच्या युक्तिवादाला शासनाच्याच अनुभवातून उत्तर मिळाले. पश्चिम केप प्रांताने हा कार्यक्रम निवडक केंद्रांपलीकडे आधीच नेला होता. शासनाच्या आतच कोठेतरी तुमची मागणी प्रत्यक्षात आलेली असते. ती जागा शोधणे आणि तिथल्या अधिकाऱ्यांना बोलते करणे, हे संशोधनाइतकेच मोलाचे काम आहे.

कोणता मार्ग केव्हा, हे समोरच्या नकाराच्या स्वरूपावर ठरते. माहिती नाही म्हणून नकार असेल तर टिपण आणि बैठक पुरेशी. क्षमता किंवा पैसा नाही म्हणून नकार असेल तर एखाद्या ठिकाणी करून दाखवावे लागते. माहिती, पैसा आणि क्षमता असूनही नकार असेल, तर आणखी एक अभ्यास करणे म्हणजे वेळ दवडणे आहे. तिथे लोकांचा दबाव आणि न्यायालय हेच मार्ग उरतात. तुमच्या दोन तटांनी आधी नकाराच्या स्वरूपाविषयी एकमत करावे.

प्रश्न : निधी देणारी संस्था विचारते की तुमच्या संशोधनामुळे धोरण बदलले हे सिद्ध करा. बदल तर झाला आहे, पण तो आमच्यामुळेच झाला हे कसे दाखवायचे?

उत्तर : ‘आमच्यामुळेच’ हा शब्द वापरण्याचे टाळा, तो क्वचितच खरा असतो. टांझानियातील मोरोगोरो आणि रुफिजी या दोन जिल्ह्यांत घरोघरच्या पाहणीतून कोणते आजार किती जीव घेतात हे शोधले गेले, आणि आरोग्याचा निधी त्या प्रमाणात खर्च होतो का हे जिल्हा अधिकाऱ्यांना साध्या आलेखांतून दाखवले गेले. त्यानुसार खर्चाची आखणी बदलली. 2000 ते 2003 या काळात तेथील बालमृत्यू 40 टक्क्यांहून अधिक घटले. इतक्या स्पष्ट उदाहरणातही जाणकार ‘हातभार लागला’ असेच म्हणतात, कारण त्याच काळात आरोग्यव्यवस्थेत इतर सुधारणाही चालू होत्या.

कॅरल वाइस या अमेरिकी अभ्यासिकेने 1970 च्या दशकातच दाखवले की संशोधन क्वचितच एखादा निर्णय थेट घडवते. बहुतेक वेळा ते विचार करण्याची रीत हळूहळू बदलते, आणि अधिकाऱ्याला तो विचार कोठून आला हे आठवतही नाही. निधी देणाऱ्यांना हे समजावणे तुमचे काम आहे, आणि त्यासाठी कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने 2001 मध्ये मांडलेली फलनिष्पत्ती-आलेखनाची पद्धत उपयोगी आहे. तिच्यात अंतिम परिणामाचे श्रेय मागितले जात नाही. ज्या व्यक्तींशी आणि गटांशी तुमचा थेट संबंध येतो त्यांचे वागणे कसे बदलले, हे नोंदवले जाते. काय दिसायलाच हवे, काय दिसले तर चांगले आणि काय दिसले तर मोठेच यश, हे आधीच लिहून ठेवायचे आणि मग त्याच्याशी ताडून पाहायचे.

यासाठी एक साधी दैनंदिनी पुरते. कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने स्वतःहून दूरध्वनी करून आकडे मागितले, कोणत्या बैठकीला तुम्हाला पहिल्यांदा बोलावले गेले, सभागृहातील कोणत्या प्रश्नात तुमची माहिती आली, हे त्याच दिवशी लिहा, कारण सहा महिन्यांनी क्रम आठवत नाही. धोरणाचे आधीचे आणि नंतरचे मसुदे शेजारी ठेवून कोणती वाक्ये बदलली ते पाहा आणि त्यांतील कोणती तुमच्या टिपणाशी जुळतात ते खुणावून ठेवा. त्याचबरोबर इतर कोणत्या संस्था, घटना किंवा राजकीय घडामोडी त्या बदलामागे असू शकतात, तेही त्याच पानावर लिहा, आणि निधी देणाऱ्यांना अहवाल पाठवताना ते पान जसेच्या तसे जोडा.